पाचवा शब्द

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये "मग?" सुद्धा म्हणायचं नाही, नाहीतर मी हसेन किंवा रडेन आणि सांगायचं राहूनच जाईल.

काकू म्हणाल्या, "खिडकी." मी फॉर्मवर खूण केली. काकू म्हणाल्या, "दोरा." मी खूण केली. मग त्या थांबल्या. लांबची पाटी वाचताना करतो तसे डोळे बारीक केले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की ही बाई माझ्याकडे बघतच नाहीये. ती माझ्या खांद्यावरून मागे बघतेय. मी वळले. मागे खुर्चीत काका बसलेले, आणि त्यांनी स्वतःच्या सदऱ्याची कॉलर डाव्या हाताच्या चिमटीत धरून पुढे ताणली होती. पांढराशुभ्र सदरा.

"पांढरा," काकू म्हणाल्या.

थांब, आधी हे लोक कोण ते सांगते. आमचा तो मोठा अभ्यास चाललाय ना, स्ट्रोक येऊन गेलेल्या माणसांचा. दवाखान्यातून घरी गेल्यावर ती किती सुधारतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं काय होतं. मी त्यातली फॉर्मवाली. दर तीन महिन्यांनी घरी जायचं, माणसाची चाचणी घ्यायची, मग सांभाळणाऱ्याची. झोप लागते का, पाठ धरते का, रडू येतं का, आणि सगळ्यात शेवटी स्मरणशक्ती. पाच शब्द वाचून दाखवायचे, दहा मिनिटं भलतंच काहीतरी विचारत बसायचं, मग म्हणायचं, "हं, आता ते पाच शब्द सांगा." कारण सांभाळणारं माणूसही सत्तरीचंच असतं गं बहुतेक वेळा. तेच विसरायला लागलं तर दोघंही गेले कामातून.

तर काका म्हणजे शिंपी. पन्नास वर्षं कोपऱ्यावर दुकान. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं आणि एकच शब्द राहिला, "बरंय." भूक लागली, बरंय. पाठीला खाज सुटली, बरंय. रागावले तरी "बरंय!" असं ओरडतात की समोरचा दचकतो. ऐकू सगळं येतं, कळतं सगळं, पण बाहेर यायला ते एवढंच दार.

आणि काकू म्हणजे टेलिफोन खात्यातल्या ऑपरेटर. जुन्या काळच्या, कानाला यंत्र लावून तारा जोडणाऱ्या. पहिल्यांदा गेले तेव्हा मला म्हणाल्या, "मला काय स्मरणशक्ती विचारतेस? आठशे नंबर पाठ होते मला. बोल, कुणाचा हवा?" आणि धडाधड म्हणून दाखवले. अग्निशमन, जुनं थेटर, कुठल्यातरी बंद पडलेल्या सोड्याच्या कारखान्याचा.

"हे रोज फोन करायचे मला," काकांकडे हनुवटी उडवत म्हणाल्या. "किती वाजले विचारायला. दुकानात हे एवढं मोठं भिंतीवरचं घड्याळ. त्याच्याखाली उभे राहून विचारायचे."

"बरंय," काका म्हणाले, आणि अर्धा चेहरा लाजला. खरंच सांगते, अर्धाच.

"बरंय काय बरंय. जन्मभर गिऱ्हाइकांना 'उद्या या, उद्या या' करून पिटाळलं, आता हात स्वतःच उद्या येतो म्हणतोय."

काका असे हसले की लाळ गळली. काकूंनी बोलता बोलता पदराने पुसली, बघितलंही नाही तिकडे. मला इतकं आवडलं होतं ना ते घर.

आता माझा घोळ ऐक. आमच्या सूचनांच्या कागदावर एक ओळ आहे. सांभाळणाऱ्याची चाचणी घेताना रुग्ण समोर नसावा. आमच्या मॅडमनी ती ओळ लाल केलेली आहे. या मॅडम म्हणजे, आम्ही त्यांना मागे फूटपट्टी म्हणतो, यावरून समज. पण त्या घरात खोल्या किती? एक. एक स्वयंपाकघर, तेही असं की दोन माणसं आत गेली तर एकाला ओट्यावर बसावं लागेल. काकांना एकटं दुसरीकडे ठेवायचं तरी कुठे, जिन्यात? मग मी काय केलं, माझी खुर्ची फिरवली. काकांकडे पाठ करून बसले. झालं, रुग्ण समोर नाही! हसू नको. मला स्वतःचा अभिमान वाटला होता त्या दिवशी.

रुग्ण माझ्या समोर नव्हता. काकूंच्या समोर होता.

पहिल्या खेपेला पाचपैकी पाच. दुसऱ्या खेपेला पाचपैकी पाच. मॅडम बैठकीत म्हणाल्यासुद्धा, बघा, सांभाळणारीची तब्येत चांगली असली की घर कसं चालतं. आणि मी मान डोलावली. मागून मधूनमधून टकटक ऐकू यायची, खुर्चीच्या हातावर अंगठी आपटल्याची. मला वाटायचं, म्हातारा कंटाळला असेल.

तर आज ती कॉलर बघितली. एका क्षणात मागचं सगळं उलटं दिसायला लागलं. भिंतीवर त्यांच्या व्यायामाचा तक्ता आहे, आम्हीच दिलेला, रोज व्यायाम झाला की काकूंनी बरोबरची खूण करायची. आज बुधवार. खुणा होत्या थेट पुढच्या रविवारपर्यंत. येताना मी ते बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, केवढा उत्साह! आणि मागच्या वेळी काका काठी आपटत होते, तीनदा आपटायची, थांबायचं, परत तीनदा. काकू उठून आत गेल्या आणि "अगं बाई, दूध!" म्हणाल्या. मी काय लिहिलं असेल त्या दिवशी? "रुग्णाचा चिडचिडेपणा वाढलेला." माझ्या अक्षरात आहे ते. माझ्या सहीनिशी.

तो माणूस चिडत नव्हता गं. तो खुर्चीत बसून गॅस सांभाळत होता.

आणि का, तेही मला माहीत होतं, हे सगळ्यात वाईट. मागच्याच खेपेला मी बसलेली असताना मुलाचा फोन आला होता. फोन टेबलावर उघडा, सगळ्यांना ऐकू येईल असा. मुलगा वाईट नाहीये हां, लगेच तोंड वाकडं करू नकोस. पाच तास गाडी चालवून एक रविवार आड येतो बिचारा. तो म्हणत होता, "आई, मी शेवटचं विचारतोय. ते केंद्र चांगलंय, बाबांना तिथे नीट बघतील. तू इकडे ये आमच्याकडे."

"आणि मी तिथे काय करू, भिंती मोजू? आम्हाला दोघांना ठेवत असतील तर बोल."

"दोघांना नाही ठेवत. कितीदा सांगू?"

"मग मला काय धाड भरलीय? करतेय ना मी?"

"करतेयस तोवर ठीक आहे, आई. ज्या दिवशी तुला जमेनासं होईल त्या दिवशी मी ऐकणार नाही. आधीच सांगतो."

काकूंनी फोन ठेवला आणि "शहाणा झालाय" म्हणाल्या. काका त्या फोनकडेच बघत राहिले.

आमचा नियम असा, की सांभाळणाऱ्याला पाचपैकी तीनपेक्षा कमी शब्द आठवले तर आठवड्याच्या आत घरच्या माणसाला कळवायचं. संमतिपत्रावर लिहिलेलं आहे, काकूंनी स्वतः सही केलीय, घरचा माणूस म्हणून मुलाचा नंबर दिलाय. म्हणजे माझ्या खांद्यामागे तो म्हातारा कॉलर ताणून बसला होता तो काही चेष्टा म्हणून नाही. एकेक शब्द करून तो बायकोला त्या घरात धरून ठेवत होता.

आता तू म्हणशील तिथेच थांबवायचं होतंस. हो. चाचणी बाद, असं लिहायचं आणि उठायचं. माहितीये मला. पण काकांनी मला वळलेलं बघितलं होतं. कॉलर सोडली नव्हती. आमची नजरानजर झाली, आणि ते असे बघत होते, चोरी पकडल्यासारखे नाही गं, गिऱ्हाईक माप देताना हलू नये म्हणून शिंपी बघतो ना, तसे. हलू नको. एवढं होऊ दे.

मी परत काकूंकडे तोंड केलं.

"चौथा?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

काकूंनी मागे बघितलं. "कान," म्हणाल्या.

"आणि शेवटचा?"

आजच्या यादीतला पाचवा शब्द होता "गंमत".

तूच सांग, गंमत कशी दाखवशील? खिडकीकडे बोट करता येतं, दोरा काकांच्या खुर्चीशेजारच्या शिलाई यंत्रावर लावलेला आहे, कान आहे, सदरा आहे. गंमत कुठे ठेवलेली असते? मला माझ्या पाठीत कळत होतं की मागे काहीतरी चाललंय. खुर्ची करकरत होती. काकूंच्या कपाळाला आठी पडली. त्या पुढे झुकल्या. आणि मग त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मी पेन टाकलं.

"अहो!" त्या ओरडल्या. "अहो, काय होतंय तुम्हाला? बघ गं, बघ, परत आला!"

मी वळले तर काकांचं तोंड पार वाकडं झालेलं, जीभ बाहेर, एक डोळा मोठा, एक गाल फुगलेला, डावा हात डोक्याजवळ थरथर हलतोय. अगदी जसं शिकवतात तसं. मी धावले. आम्हाला घोकून घेतलंय, चेहरा, हात, बोलणं आणि वेळ.

"काका, हसा बघू!"

अगं, त्यांचा अर्धा चेहरा आठ महिने हसतच नाहीये.

"काका, दोन्ही हात वर करा!"

कुठून करणार दोन्ही?

"काका, तुमचं नाव सांगा!"

"बरंय!"

त्या क्षणी मला कळलं की आम्हाला जे जे शिकवलंय त्यातलं काहीही या माणसावर चालत नाही. तो आधीच सगळ्यात नापास आहे. नवा झटका आला काय नि जुनाच आहे काय, ओळखायचं कसं? फोनचं कुलूप दोनदा चुकलं. रुग्णवाहिकेचा नंबर लावला. काकू काकांचे पाय चोळत होत्या, पाय का, तर देव जाणे, आणि सारख्या म्हणत होत्या, "मला सोडून जायचं नाही हां, सांगून ठेवते. मला सोडून जायचं नाही." आणि काका मान हलवतायत, जोरजोरात, नाही नाही अशी, आणि काठी आपटतायत, आणि "बरंय! बरंय!" करतायत, आणि माझ्याकडे बघून परत तेच, जीभ बाहेर, गाल फुगवून, डोक्याजवळ हाताची बोटं नाचवून.

फोन उचलला. "बोला, काय झालंय?" एक बाई विचारत होती.

आणि तेवढ्यात काका थांबले. एकदम. त्यांनी डोळे मिटले. डाव्या हाताने शिलाई यंत्राची कड धरली, बोटांची टोकं पांढरी होईपर्यंत. गळ्याच्या शिरा वर आल्या. "ग," म्हणाले. "ग... गं..." कुणीतरी आतून जड कपाट सरकवतंय असं वाटत होतं. मी फोन कानाला लावून उभी, काकूंच्या हातात त्यांचा पाय.

"गंमत," काका म्हणाले.

स्पष्ट. अनुस्वारासकट.

"हां! गंमत!" काकूंनी टाळी वाजवली आणि माझ्याकडे वळल्या. "पाचवा गंमत. लिही. झाले ना पाच?"

आणि मग, मी शपथेवर सांगते, त्यांची दुसरी टाळी हवेतच राहिली. हळूच काकांकडे बघितलं.

"तुम्ही बोललात?"

काका रडत होते. हसत होते म्हण. अर्ध्या चेहऱ्यावर ते एकसारखंच दिसतं.

"आठ महिन्यांनी तोंड उघडलं माणसाने," काकू त्यांच्या छातीवर हळूच चापट्या मारत म्हणाल्या, "आणि म्हणे काय, गंमत! अहो, कसली गंमत? माझा जीव गेला इथे आणि तुम्हाला गंमत सुचतेय? परत म्हणा. परत एकदा म्हणा की."

"बरंय," काका म्हणाले.

"तो नको. दुसरा."

"बरंय."

फोनमधली बाई "हॅलो, पत्ता सांगा" करत होती. मी म्हटलं, माफ करा, सगळं ठीक आहे, चुकून लागला. ठीक काय होतं डोंबल.

मग आम्ही तिघांनी चहा घेतला. काकूंनी अंगावरची शाल झटकून परत नीट घेतली, कुणी पाहुणे येणार असल्यासारखी. वीस मिनिटं त्या काकांना चिमटे काढत होत्या, गुदगुल्या करत होत्या, "म्हणा ना, म्हणा ना." शब्द परत आला नाही. आणि मी फॉर्म मांडीवर घेऊन बसले होते, त्यात रुग्णाच्या पानावर एक चौकोन आहे, "नवीन शब्द". मागच्या दोन्ही खेपांना तिथे मी रेघ मारली होती. आज मी शाईने लिहिलं, "एक. गंमत." अक्षर फेंगडं आलंय.

हा चौकोन फार मोठा आहे बरं का. पुढच्या आठवड्यात ठरणार आहे, काकांचा बोलण्याचा सराव चालू ठेवायचा की थांबवायचा. बोलणं शिकवणाऱ्या बाई महिन्यात दोनदा येतात त्यांच्याकडे. आठ महिन्यांत एकही नवा शब्द नाही म्हणजे थांबवणारच, रांगेत दुसरे लोक आहेत. आता शब्द आलाय. पण त्या चौकोनाच्या शेजारी दुसरा चौकोन आहे. "प्रसंग." शब्द कधी, कशामुळे, काय करताना निघाला ते लिहायचं. त्याच बाईंनी घालायला लावलाय तो. त्या नेहमी सांगतात, शब्द कुठल्या वाटेने बाहेर आला ते कळलं तर त्याच वाटेने दुसरा आणता येतो, नाहीतर तो आला आणि गेला.

आता लिहू काय तिथे? बायकोला चाचणीत उत्तर सांगताना? म्हणजे काकूंचे पाच गेले. मागचे पाच गेले, त्याच्या मागचे पाच गेले. मी पाठ करून बसले होते तेही बाहेर आलं. फूटपट्टी माझं काय करेल ते करेल, पण आठवड्याच्या आत त्या मुलाला फोन, आणि तो म्हणालाच होता, त्या दिवशी मी ऐकणार नाही. आणि खोटं लिहिलं, आपला टीव्ही बघताना निघाला म्हणून, तर त्या बाई बिचाऱ्या त्याला टीव्हीसमोर बसवतील. महिनेच्या महिने. शब्द येणार नाही. कारण तो शब्द टीव्हीसाठी आलाच नव्हता.

आणि काहीच लिहिलं नाही, पहिला चौकोनही खोडला, तर? काकांना सांगता येणार नाही. काकूंना आठवणार नाही. म्हणजे तो माणूस बोलला हे जगात फक्त मला माहीत असेल.

तरी मी ठरवलं होतं, तुला खरं सांगू? चहा पिता पिता ठरवलं होतं. पाच लिहायचे. प्रसंग टीव्ही. कोण कुठली मी, एवढ्या जुन्या दोन माणसांना कात्री लावणारी? मी फॉर्म पिशवीत टाकला, काकूंना नमस्कार केला, त्यांनी "ये हं परत" म्हणून गालावरून हात फिरवला, आणि कप घेऊन आत गेल्या.

मी चपला घालत होते तर मागून काठीचा आवाज. काका उठले होते. मी त्यांना कुणाच्या आधाराशिवाय दारापर्यंत आलेलं कधी बघितलं नव्हतं. एक पाय ओढत, भिंतीला खांदा घासत आले. काठी चौकटीला टेकवून ठेवली. सदऱ्याच्या आत त्यांनी स्वतः शिवलेला एक चोरखिसा आहे, त्यात दोन बोटं घातली आणि माझा हात ओढून माझ्या तळव्यावर काहीतरी ठेवलं.

तीन गोळ्या. गुलाबी. रक्त पातळ ठेवायची गोळी आहे ती. मी दर फॉर्मवर तिचं नाव लिहिते. दिवसाला एक, सकाळची. एक चुकली तर गाठ व्हायची भीती, एक जास्त झाली तर आत रक्त वाहायची. तिन्हींना खिशातला भुगा चिकटलेला. एकीचा रंग उडून ती अर्धी विरघळली होती. म्हणजे ती तोंडात गेली होती आणि परत काढली होती.

मला कळायला जरा वेळ लागला. काकू गोळी देतात. मग विसरतात. मग परत देतात. आणि हा माणूस नको म्हणू शकत नाही, कारण नको हा शब्द त्याच्याकडे नाही, आणि मान हलवली तर काकू म्हणणार, लहान मुलासारखं करू नका. म्हणून तो दुसरी गोळी तोंडात घेतो, काकूंची पाठ वळली की काढतो, आणि खिशात ठेवतो.

"काका," मी हळू म्हणाले, "हे मी सांगू का कुणाला? की तुम्ही मला दाखवताय की तुम्ही सांभाळताय?"

त्यांनी माझ्या बोटांची मूठ केली, गोळ्यांवर. त्यांचा तो एक हात माझ्या मुठीवर घट्ट. डोळे माझ्यावर. ओठ हलत होते, मी वाट बघितली. खूप वाट बघितली गं. ग नाही, ब नाही, काहीच नाही आलं. बघ, मी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा होता, मान हलवून उत्तर देता येईल असा. मी दोन विचारले. एकाच श्वासात. माझं नेहमीचंच.

आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"अहो," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दारात कोण आलंय?"

काकांनी माझा हात सोडला नाही.

"कोण आलंय हो? बसायला सांगा, चहा टाकते."

मी जिना उतरले. त्या तीन गोळ्या कागदात गुंडाळून माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहेत, दाखवते हवं तर. फॉर्म इथे आहे. हा बघ, "एक. गंमत." आणि हा शेजारचा रिकामा चौकोन. सकाळी दहा वाजता फूटपट्टीच्या टेबलावर ठेवायचाय.

आता बोल. आता मध्ये बोललीस तरी चालेल. तू काय लिहिलं असतंस?